चोवीस काठ्यांतून निघालेले बारा बाण

या काठ्यांबद्दल पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं, तर रागाच्या भरात एक तारा देऊन मोकळी झाले असते. म्हणून थांबले. आता त्यांच्यातून केलेले बारा बाण सात महिने सोडून झालेत, दोन मोडलेत, आणि सांगण्यासारखं बरंच हाताशी आलंय.

मागवलं काय होतं ते आधी सांगते. अ‍ॅश लाकडाच्या २४ काठ्या, लांबी ३२ इंच, जाडी सगळीकडे सारखी तीन अष्टमांश इंच. स्पाइन (काठीचा ताठपणा) ७५ ते ८० पाउंड आणि कोऱ्या काठीचं वजन ५८० ते ६२० ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप), असं विकणाऱ्याने लिहून दिलं होतं. धनुष्य माझं साधं लाँगबो आहे, बाण टेकवायला कोनाडा नाही, बाण थेट मुठीवर ठेवून सोडायचा. ३० इंच ओढल्यावर काट्यावर ८२ पाउंड भरतात. हा आकडा स्वतः मोजलेला आहे, धनुष्यावर लिहिलेला नाही. बाणांची सगळी गणितं याच आकड्यावर उभी राहतात, म्हणून ज्याने आपलं धनुष्य आपल्या ओढीपर्यंत ओढून मोजलं नसेल, त्याने काठ्या मागवायच्या आधी ते करावं.

जड बाणच का, हे मला नवी मुलं नेहमी विचारतात. दोन वर्षं मी याच धनुष्यातून ६१५ ग्रेनचे बाण सोडत होते. दोरी सुटली की डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या आणि धनुष्य हातात थडथडायचं. धनुष्यात साठलेली ताकद बाणाने न्यायची असते. हलका बाण ती पुरती नेत नाही, उरलेली धनुष्याच्या बाहूंत, दोरीत आणि आपल्या हाडांत जिरते. दोरी नुसतीच ओढून रिकामी सोडली तर धनुष्य तडकतं, हे सगळ्यांना माहीत असतं. खूप हलका बाण म्हणजे त्याच वाटेवरचं अलीकडचं ठिकाण. आता माझे बाण ८५० ग्रेनचे आहेत, म्हणजे ५५ ग्रॅम. दर पाउंडामागे दहा ग्रेनच्या थोडं वर. वेगमापकावर हलका बाण सेकंदाला १७५ फूट जायचा, हा १५५ जातो. वेग पडला तो पडलाच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ऊर्जा सुमारे ५७ जूलवरून ६१ वर गेली आणि संवेग पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढला. धनुष्य तेच, ओढ तीच. आणि हात शांत झाला. माझ्यासाठी तेवढं एक कारणही पुरेसं होतं.

लाकूड निवडताना मी बराच वेळ घेतला. पोर्ट ऑरफर्ड सीडर सरळ असतं, वासाला छान असतं, पण हलकं. त्या जाडीची सीडरची काठी ४०० ग्रेनच्या आसपास भरते, मग उरलेलं वजन सगळं पुढच्या धातूच्या टोकात घालावं लागतं आणि बाण पुढून जड होऊन मागे लवलवतो. बर्च चांगलं जड असतं. अ‍ॅशही तसंच. हत्यारांचे दांडे आणि बेसबॉलच्या बॅटी या लाकडाच्या करतात त्या उगाच नाही, ते धक्का सोसतं. इतिहास वाचणाऱ्यांना इथे एक गंमत दिसेल. १५४५ साली ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी युद्धजहाज बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं, आणि त्यातून मिळालेल्या हजारो बाणांपैकी बहुतेक पॉप्लरचे निघाले. पॉप्लर अ‍ॅशहून हलकं. आणि त्याच १५४५ साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिणारे इंग्रज लेखक रॉजर अ‍ॅस्कम लिहीत होते की युद्धाच्या बाणाला अ‍ॅशच बरं. म्हणजे जाणकारांचं मत एक आणि भात्यात भरलेला माल दुसरा. मोठ्या प्रमाणावर बाण करायचे असले की जे लाकूड भरपूर आणि सरळ मिळतं तेच वापरलं जात असणार, असं मला वाटतं. मला बाराच हवे होते, म्हणून अ‍ॅश.

खोकं उघडलं. काठ्या डोळ्याला सुरेख होत्या. फिकट रंग, सरळ रेषा, टोकं स्वच्छ कापलेली. पण मी कारखान्याच्या टूलरूममध्ये तपासणीचं काम करते. डोळ्याला सुरेख दिसलं म्हणून माल पास करायची सवय मला नाही.

वजनं घेतली. सर्वांत हलकी ५५२ ग्रेन, सर्वांत जड ६७१. लिहून दिलेली पट्टी होती चाळीस ग्रेनची, हातात आली जवळपास एकशेवीसची. मग स्पाइन. त्यासाठी घरी एक साधं स्टँड केलंय. २६ इंच अंतरावर दोन टेकू, मधोमध दोन पाउंडाचं वजन टांगायचं आणि खाली डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप. काठी किती इंच लवली ते पाहायचं आणि २६ ला त्या आकड्याने भागायचं, आला स्पाइन. ७५ ते ८० हवा असेल तर काठी साधारण ०.३२५ ते ०.३४७ इंच लवली पाहिजे. माझ्याकडच्या ०.२९ पासून ०.४१ पर्यंत लवत होत्या. म्हणजे एकाच गठ्ठ्यात ९० पाउंडाचीही काठी आणि ६३ पाउंडाचीही.

विकणाऱ्याला कळवलं. उत्तर आलं, ‘लाकूड आहे मॅडम, थोडं इकडेतिकडे होणारच.’ लाकूड इकडेतिकडे होतं हे मला मान्य आहे. पण मग तसं लिहावं. आकडा छापायचा आणि न मोजता माल भरायचा, हे मला पटत नाही. ८२ पाउंडाच्या धनुष्यावर ६३ स्पाइनची काठी कुणी अजाणता चढवली तर नुसता नेम चुकून भागेल असं नाही, काठी हाताजवळच मोडू शकते. हे मी त्यांना लिहिलं. त्यानंतर सूर बदलला आणि चार काठ्या बदलून देतो म्हणाले. दिल्याही, पाच आठवड्यांनी. त्या चार नीट मोजलेल्या होत्या, म्हणजे मोजता येत होतं तर. या चार मी वेगळ्या ठेवल्यात, पुढचे आकडे मूळ चोवीसचेच आहेत.

आता कामाचा भाग, कारण हा गठ्ठा फेकायचा नव्हता. चोवीसपैकी नऊ काठ्या आल्या तशाच चालण्यासारख्या होत्या. सात जास्त ताठ, पाच जास्त लवचीक, आणि तीन काठ्यांच्या लाकडाच्या रेषाच वाईट होत्या. लवचीक काठी ताठ करता येत नाही, फार तर कापून आखूड करता येते. त्या पाच मी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाला दिल्या, त्याचं धनुष्य ६५ पाउंडाचं आहे, त्याला त्या अगदी बसल्या. पण ताठ काठी खाली आणता येते, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. गोल काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. तीन अष्टमांश इंच म्हणजे ०.३७५. ती घासून ०.३६५ केली, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर काढलं, की ताठपणा दहा टक्के उतरतो. वजन मात्र पाचच टक्के. ०.३० लवणारी काठी एवढ्याने ०.३३५ वर येते. ताठ काठ्या बहुधा जडही होत्या, त्यामुळे एका घासण्यात दोन्ही दोष कमी झाले.

घासताना काठीचं एक टोक ड्रिलमध्ये धरलं, तळहातात सँडपेपर घेतला आणि पुढे-मागे फिरवत राहिले, एका जागी कधीच थांबले नाही. दर दोन मिनिटांनी थांबून सहा-सहा इंचांवर मायक्रोमीटर लावायचा आणि पुन्हा डायल गेजवर ठेवायची. पुढचे चार इंच तसेच सोडले, नाहीतर टोकाची कड काठीहून मोठी राहते. तोंडाला मास्क हवाच, अ‍ॅशचा भुसा बारीक असतो. सात काठ्यांना दोन रविवार गेले. सगळ्या सोळांचा एक-एक इंच कापल्यावर वजनाने जुळणाऱ्या बारा निवडल्या, ५७० ते ५९० ग्रेनच्या. उरलेल्या चार सरावाला.

रेषा वाईट असलेल्या त्या तीन काठ्यांबद्दल थोडं अधिक सांगते, कारण नवा माणूस वजन पाहतो, सरळपणा पाहतो आणि रेषा पाहायची विसरतो. काठी उजेडाकडे धरून हळूहळू फिरवा. लाकडाची रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे. ती मध्येच काठीच्या कडेतून बाहेर पडत असेल तर तिथे लाकूड सलग नाही, एकावर एक टेकलेल्या दोन पाचरी आहेत. ओढ हलकी असली तर हे खपून जातं. ८० पाउंडाच्या वर नाही. तीनपैकी एक काठी मी जाड हातमोजे आणि चष्मा घालून दोन्ही हातांनी वाकवली. फार जोर लावावाच लागला नाही. मोडली तेव्हा चार इंच लांबीचा तिरका सुळका तयार झाला, सुईसारखा. तो सुळका मी टेबलाच्या कडेला खिळ्याने ठोकून ठेवलाय, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच दाखवते.

वाकड्या काठीची मात्र मला भीती वाटत नाही. हीट गनवर हाताला सोसवेल-न सोसवेल इतकी गरम करायची, उलट बाजूला थोडी जास्तच वाकवायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. बारापैकी सात काठ्यांना हे करावं लागलं, आणि दोन पुढच्या महिन्यात पुन्हा वाकल्या. पुन्हा सरळ केल्या. लाकडी बाण पाळायचे तर हे चालूच राहतं.

खाच, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाला दोरी अडकवायची जागा. सगळ्यांत जास्त जीव मी इथे ओतला. चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या खाचा हलक्या धनुष्याला ठीक आहेत, इतक्या ताकदीला मी त्या वापरत नाही. काठीतच खाच कापायची आणि ती फाटू नये म्हणून शिंगाची पट्टी बसवायची. काठीचं कापलेलं टोक समोर धरलं की वाढीच्या वर्तुळांच्या रेषा ओळीने दिसतात. हॅकसॉची दोन पाती एकत्र बांधून त्या रेषांच्या दिशेने सुमारे दोन इंच खोल चीर घेतली. म्हशीच्या शिंगाची पातळ पट्टी आतल्या बाजूला निमुळती घासून, इपॉक्सी लावून त्या चिरेत सरकवली, दोऱ्याने करकचून बांधली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पट्टीची बाहेर आलेली कड काठीबरोबर घासली. आता त्या पट्टीला काटकोनात, म्हणजे रेषांना आडवी, दोरीची खाच कापायची. करवत आधी मऊ लाकडातून जाते, मग शिंगाला लागली की आवाज बदलतो, किंचित किरकिरतो आणि जळक्या केसांसारखा वास येतो. तो वास आला की समजायचं, पट्टी बरोबर मध्यावर आहे. खाचेचा तळ गोल कानशीने गुळगुळीत केला, कारण तिथे टोकदार कोपरा राहिला तर दोरीही झिजते आणि चीरही तिथूनच सुरू होते. दोरी खाचेत टिचकन बसली पाहिजे, आणि बाण दोरीला लटकवून दोरीवर बोट आपटलं की सुटलाही पाहिजे. बारा खाचांना आठ संध्याकाळ लागल्या. सात महिन्यांत एकही फाटलेली नाही.

रंगाआधी एक सूचना. अ‍ॅशच्या रेषांमध्ये उघडी छिद्रं असतात, पहिला हात ती नुसता पिऊन टाकतात. मी शेलॅकचे (लाखेच्या रोगणाचे) दोन पातळ हात देऊन घासलं, मग तेल. पिसं चिकटवायची जागा तेलाविना ठेवली.

पिसं टर्कीची, सहा इंची, बाणाला तीन. एका बाणावरची तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली हवीत, डावी-उजवी मिसळली तर बाणाला धड फिरता येत नाही. एवढ्या जड बाणाला लहान पिसं पुरत नाहीत, मुठीवरून निघालेला बाण मागून जोरात झुलत असतो, त्याला लवकर आवरायला पिसाचं क्षेत्र लागतं. आणि मुठीवरून बाण सोडणाऱ्यांनी हे नक्की वाचावं: पिसाच्या देठाचं पुढचं टोक कानशीने घासून इतकं पातळ करा की नख फिरवलं तर अडकता कामा नये. मग त्यावर रेशमी दोरा घट्ट गुंडाळा आणि दोऱ्यावर शेलॅक लावा. माझ्या पहिल्या बाणाचं देठ मी अर्धवट घासलं होतं. तर्जनीच्या मुळाशी दीड इंचाचा काप गेला, सरळ, ब्लेडने ओढल्यासारखा. तेव्हापासून पिसापासून खाचेपर्यंत मी रेशमाचे वेढे देते, इंचाला पाच, पिसाच्या केसांमधून सुईने वाट काढत.

टोकं २०० ग्रेनची पोलादी, नेहमीच्या पाच अंशांच्या निमुळत्या बैठकीची. गरम करून लावायच्या गोंदाने बसवली, म्हणजे बाण मोडला तरी टोक तापवून परत काढता येतं. तयार बाण खाचेपासून साधारण १८.३ इंचांवर तोलला जातो. ३१ इंचांच्या बाणाचा मध्य साडेपंधरा, म्हणजे तोल नऊ टक्के पुढे. मला इतका पुरतो.

यानंतर पिसं न लावलेले दोन बाण आठ-दहा पावलांवरून सोडून पाहिले. मी उजव्या हाताने ओढते, बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो. अशा वेळी ताठ काठी डावीकडे जाते, लवचीक उजवीकडे. अंगठ्याने ओढणारे बाण दुसऱ्या अंगाला ठेवतात, त्यांनी हे उलट वाचावं. बाण धनुष्याला वळसा घालून, माशासारखा दोन्हीकडे वाकत निघतो, म्हणून तर स्पाइनसाठी इतका आटापिटा करायचा. माझे बिनपिसाचे बाण किंचित डावीकडे लागले. टोक १८० चं होतं, ते २०० चं केलं. पुढे वजन वाढलं की काठी सुटताना जास्त वाकते, तेवढ्याने बाण मध्यावर आले. जाड काठीचा हा फायदा आहे, थोडं इकडेतिकडे करायला जागा राहते.

‘ताई, कार्बन घे ना, मोजायची कटकटच नाही,’ असं तो ६५ पाउंडवाला मुलगा मला सारखं म्हणतो. त्याचं चूक नाही. कार्बनच्या काठ्या एकमेकींशी जुळलेल्या येतात आणि आत पितळ घालून जडही करता येतात. पण वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या फील्ड (मोकळ्या रानातल्या) आणि थ्रीडी (प्राण्यांच्या पुतळ्यांवरच्या) स्पर्धांत लाँगबो प्रकाराला लाकडीच बाण लागतात. तिकडे जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं, तिथे काठीची जाडी ९.३ मिलिमीटरच्या वर चालत नाही, आणि तीन अष्टमांश इंच म्हणजे ९.५ होतात. मी त्या स्पर्धांना जात नाही. मला लाकूड हवं, कारण सोडल्यावर त्याचा आवाज मला आवडतो आणि जे मोडेल ते मला पुन्हा करता येतं.

मोडलेल्या दोनांपैकी एक निशाणाच्या लाकडी चौकटीवर आदळला, त्यात काठीचा दोष नाही. दुसरा टोकाच्या लगेच मागे तडकला. लाकडी बाण बहुतेक तिथेच जातो, पोलाद थांबतं आणि मागचं सगळं वजन त्या एका जागेवर येतं. ती तडक मला सोडायच्या आधी सापडली, कारण प्रत्येक बाण चढवण्याआधी मी तो कानाजवळ धरून दोन्ही हातांनी थोडा वाकवते आणि बोटांत फिरवते. कुरकुर ऐकू आली की बाण बाजूला. जमिनीवर पडलेला असो, चौकटीला लागलेला असो किंवा नुसता भात्यातून काढलेला, मी हे चुकवत नाही.

बाकी दहा उत्तम आहेत. आठवड्याला तीन दिवस, दर वेळी साठ-सत्तर बाण, एवढं त्यांनी सोसलंय. वजनं दर महिन्याला घेते, दमट हवेत बाण चार-पाच ग्रेनने वाढतात, कोरड्या हवेत उतरतात, सगळे एकदमच, त्यामुळे निशाणावर फरक दिसत नाही. वीस मीटरवर सहा बाण माझ्या दोन तळहातांत मावतील एवढ्यात बसतात. दोन वर्षांत हलक्या बाणांनी मला हे कधी जमलं नव्हतं.

लाकडाला मी पाचपैकी साडेचार देईन. मोजणीला दीड. ज्याच्याकडे ग्रेनचा काटा आणि स्पाइन मोजायचं काही साधन नाही, त्याने या काठ्या घेऊ नयेत, त्याच्यासाठी यात खरा धोका आहे. ज्याच्याकडे दोन्ही आहे आणि जो निम्म्या काठ्या बाजूला काढायला तयार आहे, त्याला इतकं चांगलं अ‍ॅश सहज मिळणार नाही.

मी परत मागवल्यात, या वेळी छत्तीस. मागणीपत्रात प्रत्येक काठीवर तिचं वजन आणि किती लवली तो आकडा पेन्सिलीने लिहून पाठवा, असं सांगितलंय. त्यांनी हो म्हटलंय. डायल गेज टेबलावर लावून ठेवलंय.